इंदूर रेसिडेन्सी

होळकर दरबारातील ब्रिटिश रेसिडेंटचे ठाणे आणि त्याभोवतीची, होळकरांच्या अंमलाबाहेरची वसाहत. मंदसोरच्या तहाने (६ जानेवारी १८१८) होळकर दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा कायम प्रतिनिधी (रेसिडेंट) आला आणि इंदुरास राजधानी स्थिरावल्यावर राजवाड्याच्या आग्नेयेस ही वसाहत वाढली. होळकरांचे न्यायालय व पोलीस यांची सत्ता तिच्या हद्दीत चालत नसे.

तहाच्या आधीची स्थिती थोडक्यात अशी : यशवंतराव होळकरांच्या मृत्यूनंतर (१८११) दरबारात कवायती पलटणी, पठाण सरदार आणि कारभारी यांचे परस्पर पटेना. पगार थकला की फौज धरणे धरी. २० डिसेंबर १८१७ रोजी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईचा तिच्याच फौजेतील सरदारांनी वध केला आणि दुसऱ्याच दिवशी क्षिप्राकाठी महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला. कंपनीकडून सर जॉन माल्कम व होळकरांकडून तात्या जोग (विठ्ठल महादेव किबे) यांनी तहाची बोलणी केली. गादीवरील यशवंतरावांचा पुत्र मल्हारराव तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. त्याला काही ग्रंथकार ‘दुसरा’, तर काही ‘तिसरा’ म्हणतात. तुकोजीचा पुत्र मल्हारराव १७९७ मध्ये पुण्यास शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला. त्याला गणनेत धरायचे की नाही, एवढाच हा वाद. तो निर्विवादपणे गादीवर बसला होता असे म्हणता येत नाही, म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘दुसरा’ हा क्रम स्वीकारला आहे.

तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख (खानदेशासह) आणि राजपूत संस्थानांवरील खंडणीचे हक्क गेले. तथापि रेसिडेन्सीच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम वकिलांविषयीचे होय. मराठी राजकारणात वकील म्हणजे परदरबारी राहून बातमी कळवणारा, बोलणी करणारा व प्रसंगी रुसवा काढणारा माणूस. पुणे, हैदराबाद, दिल्ली येथे एकमेकांचे वकील असत. मंदसोरच्या तहाने रेसिडेंट होळकरांकडे येणार आणि होळकरांना गव्हर्नर जनरलकडे वकील ठेवता येणार, असे ठरले. दिसायला हा व्यवहार बरोबरीचा होता. मात्र अन्य कोणत्याही राज्याकडे वकील पाठवणे वा त्यांचा वकील ठेवून घेणे रेसिडेंटच्या संमतीशिवाय चालणार नव्हते, आणि इतर राज्यांशी तंटा झाल्यास कंपनीचा निवाडा मान्य करायचा होता. महाराजांची मुले, नातलग, चाकर यांच्याशी आपला संबंध नाही, असेही कंपनीने लिहून दिले होते. यांपैकी वकिलांविषयीची अट काटेकोरपणे पाळली गेली. घरच्या कारभारात न पडण्याचे आश्वासन फारसे नाही.

माळव्यातील जावरा संस्थानाचा प्रश्न याच तहातून निघाला. होळकरांच्या फौजेतील पठाण सरदार गफूरखान याला दिलेले परगणे बाराव्या कलमाने त्याच्याकडे कायम झाले. त्याबदल्यात त्याने स्वारांची ठरावीक तुकडी बाळगायची होती. तो होळकरांचा ताबेदार की कंपनीच्या हमीखालचा स्वतंत्र नवाब, यावर दोन्ही दरबारांचे अर्थ पुढेही जुळले नाहीत.

माळव्याच्या शांततेचे श्रेय सहसा फौजेला दिले जाते. प्रत्यक्षात हमीची पद्धत अधिक टिकाऊ ठरली. गर्दीच्या (म्हणजे अंदाधुंदीच्या) काळात राजपूत ग्रासिये (लुटीच्या धाकाने गावांकडून पैसा घेणारे) ठाकूर गावे लुटू नयेत म्हणून त्यांना ‘तनखा’ (ठरावीक रक्कम) द्यावा लागे. माल्कम व त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी एकेका ठाकुराशी वेगळे बोलून रक्कम ठरवली. ठाकुराने लूट थांबवायची, शिंदे-होळकरांनी तनखा भरायचा आणि कंपनीने मध्ये जामीन राहायचे. रक्कम इंग्रज अधिकाऱ्यामार्फत पोचे. परिणामी ठाकुराचे गाऱ्हाणे होळकरांच्या कचेरीऐवजी रेसिडेन्सीत जाऊ लागले. तात्पुरता मध्यस्थ अशा रीतीने कायमचा पंच झाला.

लेखी व्यवहार ‘खलित्या’ने होई : पत्र कीनखाबी पिशवीत, पिशवीचे तोंड दोरीने आवळून लाखेची मोहोर. दरबारचा अंतर्गत कारभार मोडीत चाले, इंग्रजांशी पत्रव्यवहार दीर्घकाळ फार्सीत. पहिला रेसिडेंट जेराल्ड वेलस्ली होता. १८४४ मध्ये गादी रिकामी होताच रेसिडेंट हॅमिल्टनने दुसऱ्या तुकोजीरावांना बसवले. गव्हर्नर जनरलने त्याला घाईबद्दल ठपका दिला, पण निवड फिरवली नाही. १८५४ मध्ये माळव्यातील व आसपासच्या संस्थानांवर देखरेख करणारी मध्य भारत एजन्सी स्थापन होऊन तिचे मुख्यालय येथेच राहिले.

१८५७ च्या उठावात १ जुलै रोजी होळकरांच्या फौजेतील सआदतखानाच्या पुढाकाराने होळकरांच्याच तोफांनी रेसिडेन्सीवर मारा केला. एजन्सीचा हंगामी प्रमुख (एजंट) ड्युरँड युरोपियनांसह सिहोरला निघून गेला. तुकोजीरावांची फूस होती, असे ड्युरँडच्या पक्षाचे म्हणणे. महाराजांच्या बाजूचे लोक दाखवतात की, फौज त्यांच्या हातात उरली नव्हती आणि ड्युरँडने त्यांची मदत येण्याची वाटही पाहिली नाही. दोन्ही बाजूंची कागदपत्रे नंतर, स्वतःचा बचाव करताना लिहिलेली आहेत. दुसरा पक्ष घटनाक्रमाशी अधिक जुळतो. उठावात सामील झालेले अमझेरा संस्थानाचे राजे बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिले गेले. सआदतखान बरीच वर्षे दडून राहिला. त्याला १८७४ मध्ये फाशी झाली.

पुढील काळात होळकर संस्थानिकांच्या गादीत्यागांमागे (१९०३ व १९२६) एजन्सीचा दबाव होता. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारत संघात विलीन झाले. रेसिडेन्सी कोठी पुढे शासकीय अतिथिगृह झाली. शेजारच्या भागाला गावात अजूनही ‘छावणी’ म्हणतात.