मैल आणि सागरी मैल: नाव एक, मापे दोन

किनारपट्टीच्या बातम्यांत ‘१२ सागरी मैलांची हद्द’ असे शब्द वारंवार येतात आणि पुष्कळदा त्यांतला ‘सागरी’ गळून नुसते ‘१२ मैल’ उरतात. पुढे कोणी त्याचे किलोमीटर करतो आणि उत्तर १९.३ येते. खरे उत्तर २२.२ आहे. राज्याच्या मासेमारी कायद्याचा अंमल जिथे संपतो त्या रेषेविषयी बोलताना झालेली ही जवळजवळ तीन किलोमीटरांची चूक लहान नाही, आणि ती आकडेमोडीत झालेली नसून एक विशेषण टाकून दिल्याने झालेली आहे. म्हणून या दोन मैलांची ओळख शेजारी शेजारी ठेवून करून घेणे आवश्यक वाटते.

आधी शब्द पाहू. आपला ‘मैल’ इंग्रजी ‘माइल’वरून आला आणि मराठीत इतका रुळला की ‘मैलोन्‌मैल’ म्हणताना तो परका वाटत नाही. (‘मैला’ या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, तो संस्कृत ‘मल’च्या कुळातला.) ‘माइल’च्या मुळाशी लॅटिन ‘मिल्ले’ म्हणजे हजार हा शब्द आहे. रोमन लोक लांब अंतर ‘मिल्ले पास्सुस’ म्हणजे हजार पावलांत सांगत. मात्र हे पाऊल आपल्या समजुतीतले नव्हे. डावा पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचे, म्हणजे आपल्या दोन पावलांचे, ते एक पाऊल होते आणि ते पाच रोमन फुटांचे धरत. त्यामुळे रोमन मैल पाच हजार रोमन फुटांचा, आजच्या मापाने सुमारे १४८० मीटरचा झाला. पुढे ‘पाऊल’ गळून पडले आणि नुसता ‘हजार’ हाच अंतराचा शब्द होऊन बसला.

इंग्लंडमध्ये या मैलाची गाठ नांगराशी पडली. तिथे शेतकऱ्याचे माप होते फर्लांग, म्हणजे शब्दशः नांगराने शेतात पडणाऱ्या एका सरीची लांबी, आणि ती ६६० फूट ठरलेली होती. पाच हजार फुटांच्या मैलात फर्लांग पूर्णांकाने बसेनात. आता फर्लांग बदलायचा तर जमिनींच्या सगळ्या नोंदी हलणार. त्यापेक्षा मैल बदलणे सोपे होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९३ साली झालेल्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा, म्हणजे ५२८० फुटांचा ठरला. विशेष असे, की तो कायदा मुळात मापांविषयी नव्हताच; लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी बांधकामे करू नयेत यासाठी तो होता, आणि बंदी लागू करायची तर मैल म्हणजे किती हे सांगणे भागच होते. ५२८० हा विचित्र आकडा असा शेतीतून आला आहे. १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी यार्डाची लांबी एकमताने पक्की केली, तेव्हापासून हा जमिनीवरचा मैल १६०९.३४४ मीटरचा आहे.

मुंबईत हा मैल हाताने चाचपून पाहता येतो. कंपनीच्या काळात रोवलेले काळ्या दगडाचे मैलाचे दगड शहरात काही ठिकाणी अजून आहेत, आणि त्यांच्यावरचे अंतर फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले आहे. (चर्चगेट हे नावही याच चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून पडले.) त्या दगडांवरचे आकडे रोमन आहेत, रोमन सैनिकांच्या पावलांतून निघालेला शब्द रोमन अंकांसह परळ-दादरकडच्या वाटेवर येऊन उभा राहिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

सागरी मैलाचा मात्र पावलांशीही संबंध नाही आणि नांगराशीही नाही. तो पृथ्वीच्या गोलाईतून काढलेला आहे. ध्रुवांवरून जाणाऱ्या वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटे, म्हणजे एकूण २१,६०० मिनिटे. त्यांतल्या एका मिनिटाएवढे पृथ्वीवरचे अंतर म्हणजे सागरी मैल. घेर ४०,००० किलोमीटर धरून भागाकार केला की १८५२ मीटरच्या अगदी जवळ उत्तर येते. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे हे मिनिट विषुववृत्तापाशी सुमारे १८४३ मीटरचे आणि ध्रुवांपाशी सुमारे १८६२ मीटरचे भरते. म्हणून १९२९ साली मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेत नेमके १८५२ मीटर हे माप ठरवण्यात आले.

या मापाची सोय नकाशावर दिसते. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई साधारण १९ अंशांवर, आणि दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर आहेत. दोन अंश म्हणजे १२० मिनिटे, म्हणून सरळ अंतर सुमारे १२० सागरी मैल. नाविक कर्कटकाची दोन टोके नकाशावर ठेवतो, तेवढेच अंतर नकाशाच्या उजव्या किंवा डाव्या कडेवरच्या अक्षांशांवर धरतो आणि मिनिटे मोजतो. वरच्या किंवा खालच्या कडेवर ते धरून चालत नाही, कारण रेखांशांमधले अंतर उत्तरेकडे जाताना कमी होत जाते. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली आणि रस्त्यांवरचे मैल गेले, पण समुद्रावर आणि विमानांत सागरी मैल टिकला तो याच सोयीमुळे.

‘नॉट’ हा वेगाचा शब्दही याच घरातला. पूर्वी जहाजावरून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. घड्याळ २८ सेकंदांचे असेल तर गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच ठेवत, म्हणजे जितक्या गाठी तितके सागरी मैल तासाला. तास त्या शब्दातच आहे, म्हणून ‘ताशी ३४ नॉट’ लिहिणे चूक. ३४ नॉट म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर.

१९७६ च्या भारतीय कायद्यात प्रादेशिक समुद्र १२ आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांचे आहे. दोनशेच्या बाबतीत ‘सागरी’ गळला तर फरक तीन किलोमीटरांचा राहत नाही, ३७०.४ च्या जागी ३२१.९ येतात आणि किनाऱ्याच्या संपूर्ण लांबीला ४८ किलोमीटरांहून रुंद असा समुद्राचा पट्टा कागदावरून नाहीसा होतो. जुन्या गॅझेटियरमध्ये गावांमधली अंतरे वाचताना मैलाला १.६ ने गुणावे. हद्द, होडी, वादळ किंवा विमान यांच्याविषयी वाचताना १.८५२ ने.