वाळूमाशी वाळूत नसते

आतेभाऊ लिस्बनहून सुट्टीला गोव्यात आला आणि मोरजीच्या किनाऱ्यावरून पोटऱ्या खाजवत परतला. “वाळूमाश्या चावल्या,” म्हणाला. चेहरा उतरलेला. त्याची धास्ती अगदीच उगाच नव्हती. पोर्तुगालात वाळूमाशी कुत्र्यांना लेशमानिया हा एकपेशीय परजीवी देते. त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात त्यासाठी औषधी पट्टा असतो. आपल्या देशात त्याच कुळातला परजीवी माणसाला काळा आजार देतो. महिनोन्महिने ताप, खंगत जाणं, पाणथरी (प्लीहा) सुजून पोटावर हाताला लागणं. उपचार न मिळाल्यास बहुतेक रोगी दगावतात.

पण वाळूमाशीचं नाव पडलं ते रंगावरून. किनाऱ्यावर त्याला फोडलं ते दुसऱ्याच चिलटांनी.

खरी दाखवायला त्याला सत्तरी तालुक्यात नेलं, माझ्या काकांच्या म्हणजे त्याच्या मामांच्या गोठ्यात. तिन्हीसांजेला विजेरी मारली. मातीच्या भिंतीतल्या भेगेपाशी तिळाएवढी, केसाळ, पंख व्ही अक्षरासारखे उभारलेले. बोट नेलं तर टुणकन उडी मारून बाजूला. गुणगुण नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत. तिच्या अळ्या शेणामातीच्या ओलीत वाढतात. अभ्यासक करतात तसंच आम्हीही कागदाला एरंडेल चोपडून भिंतीला लावलं.

या माशीवरचा आरोप सिद्ध व्हायला फार वेळ लागला. परजीवी सापडला १९०३ साली. लेशमन आणि मद्रासचे डोनोव्हन या डॉक्टरांनी तो वेगवेगळा ओळखला. मग ढेकणांवरही संशय घेऊन झाला. वाळूमाश्या रोग्याचं रक्त प्यायच्या, पण त्या चावून दुसऱ्याला रोग काही होईना. शेवटी संशोधक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रक्तानंतर त्यांना मनुके चारले! गोड रसावर परजीवी इतके माजले की माशीचा घसाच तुंबला. तुंबलेली माशी रक्त ओढायला जाते आणि परजीवी उलट जखमेत ओकते. या युक्तीनं १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात पाच स्वयंसेवकांना माश्या चावू देऊन काळा आजार लावून दाखवला. आज असल्या प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे.

गोवा काळ्या आजाराच्या पट्ट्यात नाही. तो मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि बंगालचा. मात्र याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळातल्या काणी आदिवासींमध्ये तोच परजीवी बहुतांशी कातडीवर व्रण उठवतो.

सकाळी कागदावर सात चिकटल्या होत्या. एकीचं पोट रक्तानं टम्म. “माणसाचं?” भावानं विचारलं.

“म्हशीचं,” काका म्हणाले. “हांगा आनी कोण न्हिदता?” (इथं आणखी कोण झोपतं?)