पालक कुटुंब व्हायचंय? नागपूरकरांसाठी अर्जाची माहिती, आणि सत्कार करणाऱ्यांसाठी एक विनंती

गणपतीत किंवा कोजागिरीला लेआऊटमधली मंडळं एखाद्या कुटुंबाचा सत्कार ठरवतात. कुणी अनाथाश्रमातलं मूल घरी आणून शिकवतं, कुणी वस्तीतल्या आईबाप नसलेल्या पोरांना रोज जेवू घालतं. सत्कार जरूर करावा. पण अशी कुटुंबं आणखी वाढावीत असं वाटत असेल, तर त्यांच्यासाठी कायद्यात कोणती वाट आहे हे आधी चार लोकांना कळायला हवं. ती वाट आहे आणि नागपुरातूनच तिला सुरुवात करता येते.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. बोलताना सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या कायदेशीर समितीच्या, आदेशाने मूल ठरावीक काळासाठी एखाद्या कुटुंबात राहायला येतं. हा काळ एक वर्षापर्यंतचा असू शकतो. त्याहून लांबला तर वेळोवेळी आढावा घेऊन मूल 18 वर्षांचं होईपर्यंत वाढवता येतो. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं, नाव आणि वारसा हक्क मिळतो. इथे तसं होत नाही. मुलाचे आईवडील कदाचित हयात असतात, पण आजारी असतात, तुरुंगात असतात किंवा सांभाळण्याच्या स्थितीत नसतात. परिस्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परत जातं. ही गोष्ट मनाला पटत नसेल तर अर्ज करू नका, थेट दत्तकाचा विचार करा. निरोप द्यावा लागेल हे माहीत असूनही मूल घरी आणणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

एक गैरसमज मात्र मुळातूनच काढायला हवा. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही मार्ग नागपूर स्टेशनवर मिळतात, त्यामुळे घर सोडून निघालेली मुलं इथे सापडतात. असं एकटं मूल दिसलं की कितीही कळवळा आला तरी त्याला परस्पर घरी नेऊन ठेवायचं नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांना कळवा. सापडलेल्या मुलाची माहिती 24 तासांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, न देणं गुन्हा आहे. कायदेशीर प्रक्रिया टाळून मूल दत्तक घेतलं किंवा दिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कोण अर्ज करू शकतं?

केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दार बरंच मोठं केलं. आधी फक्त जोडप्यांना संधी होती. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी कुणीही येऊ शकतं, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर असावा आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान 70 असावी. एकट्या व्यक्तीचं वय किमान 35 लागतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलासाठी कमाल मर्यादा 55 आहे, त्यापुढच्या मुलासाठी 60. प्रामुख्याने सहा वर्षांवरचीच मुलं या योजनेत येतात, म्हणजे दत्तकासाठी सहसा कुणी ज्यांच्याकडे वळत नाही तीच. दोन वर्षं सांभाळल्यानंतर, मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल तर त्याच कुटुंबाला दत्तकही मागता येतं. पूर्वी यासाठी पाच वर्षं थांबावं लागायचं.

श्रीमंती ही अट नाही. समिती कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुलं सांभाळल्याचा अनुभव पाहते.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या अखत्यारीतल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. रामटेक, उमरेड, काटोलकडच्या कुटुंबांसाठीही हाच कक्ष. केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या (CARA), संकेतस्थळावरही नोंदणीची सोय केलेली आहे. सोबत आधार, पॅन, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र (घटस्फोट असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार हयात नसल्यास त्याचा मृत्यू दाखला), उत्पन्नाचा दाखला किंवा पगारपत्रक, बँक पासबुकाची प्रत, कुटुंबाचा फोटो, घरातल्या सगळ्यांचे वैद्यकीय अहवाल आणि ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं तयार ठेवा. पोलीस पडताळणी होते. तिला वेळ लागतो हे धरून चाला. घरात स्वतःची मुलं असतील तर त्यांच्याशी अर्जाआधीच मोकळेपणाने बोला, कारण नव्या भावंडाबरोबर खोली, अभ्यासाचं टेबल आणि आई त्यांनाच वाटून घ्यायची आहे.

त्यानंतर सामाजिक कार्यकर्ती गृहभेटीला येते. झोपायची जागा, शाळेचं अंतर, शेजाऱ्यांशी संबंध, आजी-आजोबांचं मत असं सगळं ती विचारते. यासाठी घर रंगवून काढायची गरज नाही. आर्थिक अडचण असो की कुटुंबातला कुणाचा विरोध, आहे तसं सांगा. लपवलेली गोष्ट पुढे मुलाच्या अंगावर येते आणि त्याला दुसऱ्यांदा घर सोडावं लागतं. अहवाल जुळला की मुलाशी ओळख करून दिली जाते, मुलाचंही मत विचारात घेतलं जातं आणि शेवटचा आदेश बाल कल्याण समिती काढते. सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरात ठेवावीत असं कायदाच सांगतो. मूल आल्यावरही दर महिन्याला पाहणी होते. तिचा राग मानू नका.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी दरमहा प्रति मूल 4000 रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम मुलाच्या आहार, शिक्षण आणि आरोग्यासाठी असते. नातवंडांना सांभाळणारी आजी किंवा भाच्याला ठेवून घेतलेला मामा असेल, तर त्यांनी त्याच कार्यालयात राज्याच्या क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी करावी. तिची रक्कम दरमहा 2250 रुपये आहे. पालकाचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचं बोनाफाईड आणि बँक पासबुक सोबत न्या.

सत्कार करताना

मंडळांना हात जोडून विनंती आहे की सत्कार कुटुंबाचा करा, मुलाला मंचावर बोलावू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फ्लेक्सवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत त्याचा चेहरा टाकणं म्हणजे उद्या शाळेत त्याला ‘तो आश्रमातला’ ही ओळख चिकटवणं. पालकांचं नाव जाहीर केल्यानेही मूल ओळखू येणार असेल, तर शाल-श्रीफळ घरी जाऊन द्या. किंवा मुलाची वर्षाची फी भरा, सायकल घेऊन द्या, दोघं कामावर असताना संध्याकाळी दोन तास मुलाचा अभ्यास घ्या. या कुटुंबांना अशा मदतीची गरज नेहमीच असते.

आयुष्यभराचं मोठं काम असेल तर पद्म पुरस्कारासाठी नामांकन करता येतं. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही नागरिक ते ऑनलाइन भरू शकतो, स्वतःचंही. त्यासाठी जास्तीत जास्त 800 शब्दांत कामाचं वर्णन द्यायचं असतं. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सेवेतले सरकारी कर्मचारी यासाठी पात्र नाहीत. विदर्भाला हा मान अनोळखी नाही. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांना 2021 मध्ये आणि अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला दिव्यांग, बेवारस मुलांना स्वतःचं नाव देणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. नामांकनात ‘थोर समाजसेवक’ अशी विशेषणं भरू नका. किती वर्षं, किती मुलं, त्यातली किती शिकली आणि कामाला लागली, खर्च कुठून आला, एवढं नेमकं लिहा. मुलांची नावं तिथेही नकोत.