तोल-प्रशिक्षण

तोल-प्रशिक्षण : उभे राहताना, वळताना व चालताना शरीर सावरण्याची क्षमता वाढावी आणि पडणे टळावे, यासाठी फिजिओथेरपीत (भौतिकोपचारात) करून घेतला जाणारा सराव. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते-अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. ‘वय झालं की माणूस पडायचाच’ हा समज घरोघरी असला, तरी तो खरा नाही. तोल हे कौशल्य आहे आणि सत्तरी-ऐंशीतही ते सरावाने सुधारते.

डोळे, अंतर्कर्ण आणि पायांचे तळवे, स्नायू व सांधे यांतून येणारी जाणीव अशा तीन वाटांनी मेंदूला शरीराच्या स्थितीची खबर मिळते. थोडा झोक गेला तर शरीर घोट्यातून सावरते, जास्त गेला तर खुब्यातून. त्याहूनही जास्त गेला तर चटकन पाऊल टाकावे लागते. उतारवयात हे शेवटचे सावरणेही ढिले पडते : पाऊल उशिरा आणि आखूड पडते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला माणूस उजेडात बिनधोक चालतो, कारण पायांची उणीव डोळे भरून काढतात. तोच माणूस मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटतो किंवा रात्री वीज गेल्यावर उठतो, तेव्हा लटपटतो. म्हणून ‘पडलात कुठे?’ याइतकाच ‘त्या क्षणी काय करत होतात?’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

व्यायामाआधी कारण शोधावे लागते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना येणाऱ्या भोवळीचे कारण बहुधा तिथेच असते आणि औषधांचा फेरविचार डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो. झोपेच्या गोळ्यांचीही चौकशी करतात. कुशीवर वळताच काही सेकंद खोली गरगरत असेल, तर दोष बहुतेकदा अंतर्कर्णातील सुट्या झालेल्या कणांचा असतो. त्यावर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्लीची पद्धत लागते. अशा रुग्णाला महिनोन्महिने नुसते तोलाचे व्यायाम देत राहणे चुकीचे आहे.

‘उठा आणि चाला’ ही १९९१ पासून वापरात असलेली चाचणी घरीही करता येते. हाताच्या खुर्चीतून उठून, नेहमीच्या गतीने ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असे मानतात. दुसरी चाचणी उभे राहण्याची आहे : पावले जुळवून, मग एका पावलाची आतली कड दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे टेकवून, शेवटी एका पायावर. प्रत्येक स्थिती १० सेकंद टिकवायची. तिसरी टिकली नाही, तर सराव तातडीने सुरू करावा. चाचणी घेणाऱ्याने समोर नव्हे, तर बाजूला आणि किंचित मागे उभे राहावे.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला घरगुती कार्यक्रम आज अनेक देशांत वापरला जातो. त्यात आठवड्यातून ३ दिवस अर्धा अर्धा तास पायांच्या ताकदीचे व तोलाचे व्यायाम असतात, शिवाय चालणे. घोट्याला वजनाचा पट्टा बांधतात. ८ ते १० वेळा पाय उचलल्यावर दमायला होईल इतकेच वजन घेतात.

तोलाच्या सरावाला स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. ओट्याकडे तोंड करून, मागे भक्कम खुर्ची ठेवून, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे टेकवून उभे राहावे. आधी दोन्ही तळहात ओट्यावर, काही दिवसांनी फक्त बोटांची टोके, मग एकच बोट, मग हात ओट्याच्या वर वितीभर. हे जमले की मान डावी-उजवीकडे वळवावी, त्यानंतर शंभरातून तीन-तीन वजा करत उभे राहावे. अंग किंचित डुलले पाहिजे, घोटे सतत काम करताना दिसले पाहिजेत. ३० सेकंद जराही न डुलता उभे राहता आले, तर पुढची पायरी घ्यावी. हातांवर भार टाकणे, श्वास रोखणे आणि पावलांकडे बघत राहणे या नेहमीच्या चुका. डोळे मिटून सराव एकट्याने करू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र सोपेपणाची असते. खुर्चीत बसून पाय हलवल्याने सांधे मोकळे होतात, तोल शिकला जात नाही. नुसत्या चालण्यानेही पडणे कमी होते असे सिद्ध झालेले नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, १०८ संशोधन-चाचण्यांवरील २०१९ मधील आढाव्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. तोलाच्या सरावाला स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम जोडल्यावर ही घट सुमारे ३४ टक्के होती. आठवड्याला एकूण ३ तास सराव झाला तर फायदा जास्त. एकदा पडलेला माणूस भीतीने हालचाल कमी करतो, त्याने मांड्या-पोटऱ्या दुबळ्या होतात आणि धोका वाढतो. ‘आई, तू आता उठूच नकोस’ हा मायेचा सल्ला म्हणूनच घातक ठरतो.

पडल्यावर उठणेही शिकवतात. दुखापत नाही याची खात्री करून कुशीवर वळायचे, कोपरावर आणि मग गुडघ्या-हातांवर यायचे, रांगत पलंगापर्यंत जायचे, दोन्ही हात त्यावर टेकवायचे, बळकट पाय पुढे घेऊन उठायचे आणि वळून बसायचे. जमिनीवर बसायची सवय सुटली की हा सराव आपोआप सुटतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो विचारल्याशिवाय करू नये.

घरात आधी मोरी पाहावी : ओली गुळगुळीत फरशी, सरकणारे पायपुसणे, आधाराला फक्त नळ किंवा टॉवेलची दांडी. ही दांडी अंगाचा भार पेलत नाही. भिंतीत पक्का बसवलेला कठडा हवा. ढिल्या सपातांऐवजी टाचेला पट्टा असलेली चप्पल बरी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचे रबरी टोपण झिजून गुळगुळीत झाले की लगेच बदलावे.