रेघ बारीकही हवी आणि काळीही

आमच्या शेजारचे काका सोलापूरच्या पूर्व भागात वर्षानुवर्षं चादरींची नक्षी काढत आले. गेल्या महिन्यात त्यांनी एक जुना मोर माझ्याकडे आणून दिला. ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढलेला, कागद पिवळा पडलेला, रेघा पुसट. म्हणाले, "काळा कर, पण जाड होऊ देऊ नको. एक घर म्हणजे एक धागा."

स्कॅन करून मी फोटोशॉपच्या लेव्हल्समधली काळी खूण, म्हणजे कुठपर्यंतचा करडा रंग काळा धरायचा ते ठरवणारी, उजवीकडे ओढली. रेघा काळ्याभोर झाल्या, पण पिसाऱ्यातले डोळे बुजून गेले.

असं का होतं? स्कॅनर 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल असा, असेल तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ साधारण 6 पिक्सेल रुंद येते. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक आकडा: 0 काळा, 255 पांढरा. पेन्सिलीची रेघ मध्यभागी 120 असेल, तर कडेला 160, त्याच्या बाहेर 200 आणि मग कागद. काळी खूण 160 वर नेली की मधल्या भागासोबत कडाही शून्यावर येतात. डोळ्याला जी कड फिकट म्हणून जाणवतही नव्हती, ती आता रेघेचाच भाग होते. म्हणजे काळं करणं हेच जाड करणं ठरतं.

सिद्धेश्वर तलाव डोळ्यांपुढे आणा. काळी रेघ म्हणजे तलावातलं पाणी आणि लेव्हल्सची खूण म्हणजे पाण्याची पातळी. काठ उताराचा असेल तिथे पातळी थोडी उतरली तरी पाणी कितीतरी आत सरकतं. सरळ उभी भिंत असेल तिथे पातळी उतरली तरी पाण्याची कड जागची हलत नाही. पेन्सिलीची रेघ उताराच्या काठाची असते. शाईची, निव्वळ काळी-पांढरी रेघ उभ्या भिंतीची. म्हणून शाईची रेघ लेव्हल्सने कितीही ओढाताण केली तरी बारीक होत नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो. आधी गॉशियन ब्लर, म्हणजे कडा धूसर करणारा फिल्टर, एक-दोन पिक्सेलचा द्यायचा, म्हणजे भिंतीचा उतार होतो. मग काळी आणि पांढरी खूण दोन्ही डावीकडे, जवळजवळ आणायच्या. पाणी उतरतं, तळाशी उरतं ते गडद काळं. एकाच कामात रेघ बारीकही होते आणि काळीही. जपायचं एवढंच की मुळातच नाजूक रेघ ब्लरने उथळ होते आणि पातळी उतरवताच कोरडी पडते, म्हणजे तुटते.

दुसरी वाट शेजारच्या पिक्सेलांना विचारण्याची. फोटोशॉपमधला मॅक्झिमम फिल्टर प्रत्येक पिक्सेलला आसपासचा सर्वांत उजळ आकडा देतो. एक पिक्सेलच्या त्रिज्येने पांढरं दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल आत येतं, 6 ची रेघ 4 ची होते. मिनिमम याच्या उलट. या गणिताची मुळं 1964 सालच्या फ्रान्समध्ये आहेत. जॉर्ज मॅथरॉन आणि जाँ सेरा खनिजांची रचना अभ्यासत होते, त्यातून ते उभं राहिलं. गिंप या चित्रांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'इरोड' हे नाव मात्र चकवतं. तिथे झिजतं ते पांढरं, त्यामुळे काळी रेघ जाड होते.

तिसरी वाट सांगाड्याची. 1984 साली झांग आणि सुएन यांनी मांडलेली पद्धत रेघेच्या कडेचे पिक्सेल थराथराने काढते, पण काढण्याआधी भोवतीचे आठ शेजारी तपासते, रेघ तुटणार असेल तर हात लावत नाही. शेवटी एका पिक्सेलची रेघ उरते. चित्रासाठी मी ती वापरणार नाही, कारण हाताचा दाब, रेघेचं जाड-बारीक होत जाणं सगळं निघून जातं. मागाला मात्र नेमकं हेच हवं असतं.

मोर मी पुन्हा 600 डीपीआयवर, रंगीत स्कॅन केला. ग्राफच्या रेघा नारिंगी होत्या, म्हणून फक्त लाल चॅनल, म्हणजे चित्रातल्या लाल प्रकाशाचे आकडे, घेतलं. नारिंगी रेघा आणि कागदाचा पिवळेपणा दोन्ही त्यात उजळ दिसतात, म्हणून जवळपास नाहीसे झाले, उरली ती पेन्सिल. मग थोडा ब्लर, लेव्हल्स, सांगाडा. खडबडीत कडांमुळे सांगाड्याला बारीक काटे फुटतात, ते हाताने पुसले. शेवटी मूळ ग्राफ शेजारी ठेवून घरागणिक पिक्सेल बसवला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनवर नाक टेकवलं आणि पिसाऱ्यातल्या तिसऱ्या डोळ्यावर बोट ठेवलं. "इथे दोन घरं आहेत." खरंच होती. मी एक पुसलं.