वासाला घाबरून आखलेली बाग

पॅरिसच्या पेअर लाशेझ दफनभूमीवरचे प्रवासलेख वाचले, की एक सूर हमखास भेटतो: कुणा हळव्या मनाने कवी-कलावंतांसाठी रचलेली ही बाग. हळवेपणा नंतर आला. टेकडीचा उतार, वळणावळणाच्या वाटा, मोकळी ठेवलेली झाडी, या सगळ्यामागे आधी भीती होती, आणि ती वासाची होती.

रोग दूषित हवेतून पसरतात, असे अठराव्या शतकात डॉक्टरही मानत. पॅरिसच्या ऐन बाजारात लेझिनोसाँ ही दफनभूमी होती. तिथे शतकानुशतके मोठ्या खड्ड्यांत प्रेतांवर प्रेते रचली जात. १७८० मध्ये अशाच एका खड्ड्याच्या दाबाने शेजारच्या घराच्या तळघराची भिंत फुटली आणि दफनभूमी बंद झाली. पुढे तिथली हाडे शहराखालच्या जुन्या खाणींत हलवली गेली. या खोदकामात रसायनशास्त्रज्ञ फूरक्रुआ यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. कित्येक प्रेते कुजलीच नव्हती. त्यांचा करड्या-पांढऱ्या, साबणासारख्या पदार्थाचा गोळा झाला होता. या पदार्थाला आज अ‍ॅडिपोसिअर म्हणतात.

या रसायनाशी जरा थांबू, कारण दफनभूमीचा सगळा नकाशा त्यातून वाचता येतो. चरबीचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. ओल असली, की पाणी आणि जिवाणूंची विकरे (एन्झाइम) हे जोड तोडतात. सुटलेल्या मेदाम्लांत ओलेइक आम्ल भरपूर असते. साधारण १३ अंशांच्या वर ते द्रव असते आणि ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू त्याचा फडशा पाडतात. ऑक्सिजन नसेल तर क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू त्याच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन किंवा पाणी चढवतात आणि उरतात ती बहुतांशी संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली मेदाम्ले. त्यांतले पामिटिक आम्ल सुमारे ६३ अंशांपर्यंत घट्टच राहते. त्यात मातीतले कॅल्शियम मिसळले, की पाण्यात न विरघळणारा साबण तयार. शिवाय आम्लता इतकी वाढते, की पुढचे कुजणे जवळजवळ ठप्प होते. 'शतकानंतरही देह अभंग' या चमत्कारांच्या कथांपैकी काहींचे मूळ या साबणात आहे; पुण्याईचा संबंध नाही, कबरीत पाणी तुंबले होते एवढेच.

म्हणजे प्रश्न ऑक्सिजनचा, आणि मातीत तो निचऱ्यावर ठरतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट संथ पसरतो. मातीची छिद्रे पाण्याने भरली, की दोन मीटर खाली तो पोचण्याची आशाच नको.

आता नकाशा पाहा. पेअर लाशेझ २१ मे १८०४ रोजी उघडली, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या जुन्या जागेवर, एका टेकडीवर. तीन आठवड्यांत, १२ जूनला, दफनाविषयीचा सरकारी हुकूम निघाला: दफनभूमी वस्तीबाहेर असावी, शक्यतो उंच आणि उत्तरेकडे तोंड असलेली जागा निवडावी, झाडे लावावीत पण वारा अडू देऊ नये. प्रत्येकाला वेगळा खड्डा, दीड ते दोन मीटर खोल, दोन खड्ड्यांत अंतर राखलेले. हुकूम लिहिणाऱ्यांना वारा हवा होता तो वास उडवून न्यायला. पण उंच जागेवर पाणी कमी तुंबते, झाडे मुळांनी ओल ओढून पानांवाटे बाहेर टाकतात, आणि सुट्या खड्ड्यांभोवती माती उरते. वास्तुकार ब्रोंन्यार यांनी टेकडी सपाट न करता तिच्या उताराने वाटा फिरवल्या. डोळ्यांना सुख झाले आणि निचराही टिकला.

दूषित हवेचा सिद्धांत मात्र चुकीचा होता. १८३२ च्या कॉलऱ्यात पॅरिसमध्ये १८ हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि कॉलरा वासाने पसरत नाही, दूषित पाण्याने पसरतो. कुजण्याचा वास नकोसा असतो, रोगजनक नसतो. ('निगेटिव्ह एनर्जी'वाल्यांनी ती जुनी दूषित हवाच नवे नाव देऊन विकायला काढली आहे.)

हुकमातले मला सर्वांत आवडते ते एक गणित. खड्डा पाच वर्षांनी पुन्हा वापरता येईल, म्हणून जागा वर्षभराच्या गरजेच्या पाचपट हवी. पाच वर्षांत देह मातीत मिळेल हे त्यात गृहीत आहे, आणि ते हवेशीर, निचऱ्याच्या मातीतच शोभते.

हे गणित मात्र कागदावरच राहिले. त्याच हुकमाने कायमची जागा विकत घेण्याची मुभाही दिली होती. आधी दूरची म्हणून लोक या टेकडीकडे फिरकत नव्हते. १८१७ मध्ये नाटककार मोलिएर आणि कवी ला फोंतेन यांचे म्हणून समजले जाणारे अवशेष तिथे आणले गेले आणि प्रतिष्ठितांची रीघ लागली. विकलेली कबर पाच वर्षांनी काय, पन्नास वर्षांनीही उघडायची नाही. हिरवळीवर दगडी घुमट्या उठल्या, वाटांच्या गल्ल्या झाल्या, आणि १८५० पर्यंत पाच वेळा वाढवून १७ हेक्टरांची दफनभूमी सुमारे ४४ हेक्टरांवर न्यावी लागली.