रोझेशिया कमीजास्त का होतो?

चेहरा सतत लाल असलेल्या व्यक्तीचे ‘रक्त बिघडले आहे’ किंवा ती मद्यपी आहे, असा तर्क लोक सहज करतात. पण अशी लाली रोझेशियाचीही असू शकते. रोझेशिया हा त्वचेचा दीर्घकालीन दाहक विकार आहे. तो संसर्गाने पसरत नाही आणि मद्याला कधीही न शिवलेल्यांनाही होतो. मात्र कुणाच्या गालांवर नुसती लाली येते, कुणाला पुरळ उठते, तर कुणाच्या नाकाची त्वचा जाड होते. हा विकार कशाने भडकतो हे समजून घ्यायचे, तर कॅथेलिसिडिन या प्रथिनाकडे पाहायला हवे.

कॅथेलिसिडिन हे त्वचेचे जंतूंविरुद्धचे शस्त्र आहे. ते निष्क्रिय रूपात तयार होते आणि कॅलिक्रीन-५ या विकराने (एन्झाइमने) कापल्यावर त्यातून एलएल-३७ हा ३७ अमिनो आम्लांचा सक्रिय तुकडा सुटतो. रोझेशियाच्या त्वचेत प्रथिन आणि विकर दोन्ही प्रमाणाबाहेर असतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. असे तुकडे उंदरांच्या त्वचेत टोचले, तेव्हा तिथेही दाह निर्माण झाला. एलएल-३७ दाहक पेशींना बोलावतो, शिवाय नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीलाही चालना देतो. जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-२ हा ग्राहीही या त्वचेत अधिक असतो आणि तो चेतवला गेला की कॅलिक्रीन वाढते. केसांच्या मुळांशी राहणारे डेमोडेक्स हे कोळ्यांच्या वर्गातील सूक्ष्म जीव (माइट) बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतात, पण रुग्णांत त्यांची संख्या जास्त आढळते आणि त्यांच्या कवचातील कायटिन याच ग्राहीला चेतवते. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्वही कॅथेलिसिडिनचे उत्पादन वाढवते.

उष्णतेचा मार्ग निराळा आहे. सुमारे ४३ अंश सेल्सिअसला जागा होणारा टीआरपीव्ही-१ हा चेताग्राही मिरचीतील कॅप्सेसिननेही चेतवला जातो आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. कॉफीवर ठेवला जाणारा ठपका १९८१ च्या एका प्रयोगाने बराचसा पुसला: ६० अंशांच्या साध्या पाण्यानेही चेहरा लाल झाला, २२ अंशांच्या कॉफीने झाला नाही.

रक्तशुद्धीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांचा या यंत्रणेशी काहीही संबंध नाही. त्याहून घातक आहेत ती स्टेरॉइडयुक्त मलमे: ती लावल्यावर लाली काही दिवस ओसरते, पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि मलम थांबवताच विकार अधिक जोराने उसळतो. याउलट, डॉक्टर देतात त्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची ४० मिलिग्रॅमची मात्रा जिवाणू मारण्याइतकी नसते. ती कॅलिक्रीनला सक्रिय करणाऱ्या विकरांना रोखते, म्हणजेच एलएल-३७ सुटण्याआधीच कात्री बोथट करते.